टाकीपर्यंतची गोळी

हवेशी वैर धरलेला माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात एकच असेल, आणि तो माझ्या मावशीचा नवरा आहे. आम्ही त्यांना काका म्हणतो. टेंभुर्णीहून कॉलेजसाठी मी नवीन जालन्यात आले ती त्यांच्याकडेच राहते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तिथलं सगळं मला अजून कळतं असं म्हणायची हिंमत होत नाही, पण काकांची बंदूक मात्र मला पुरती कळली आहे.

बंदूक खेळण्यातली. दट्ट्या मागे ओढायचा, चाप दाबला की स्प्रिंग सुटते, हवा दाबली जाते आणि फोमची गोळी उडते. ती काकांच्या नातीची, परीची. पुण्याहून सुट्टीत आली असताना तिने गच्चीवरून शेजारच्या, आमच्याला लागूनच असलेल्या गच्चीतल्या पाण्याच्या टाकीवर नेम धरला. गोळी निम्म्यातच पडली. "आजोबा, ही तर लागतच नाही," म्हणून ती बंदूक इथेच टाकून गेली. काकांचा सगळा जन्म फवारणीचे पंप दुरुस्त करण्यात गेलेला. त्यांना ते फार लागलं. "हवा निसटून राह्यली," ते म्हणाले, "पुढच्या टायमाला पोरगी आली की बराबर टाकीला लागली पाहिजे."

मंग काय, घराचा कारखाना झाला. पंपातला चामड्याचा वायसर बंदुकीत गेला. तो नरम राहावा म्हणून काकांनी त्याला साजूक तूप चोळलं, तर सकाळी मुंग्यांनी बंदुकीचा ताबा घेतलेला. हवा कुठून निसटते ते पाहायला ते बंदूक बादलीत बुडवून बुडबुडे शोधत बसायचे, आणि माझी आंघोळ खोळंबायची. गोळ्या संपल्या तेव्हा त्यांनी रबरी चपलेतून पाइपाच्या तुकड्याने नव्या पाडल्या. चप्पल शहागडहून आलेल्या पाहुण्यांची होती. तेव्हापासून ते पाहुणे चपला पिशवीत घालून आत घेऊन येतात.

दिवाळीत परी आली नाही, तिचं कसलंसं शिबिर होतं. "बरंच झालं, अजून थोडी कसर आहे," असं म्हणून काकांनी जाड स्प्रिंग बसवली. संक्रांतीला आली नाही, तेव्हा त्याहून जाड. मला दट्ट्या ओढायला पाय लावावा लागायचा. काका हसायचे, "कॉलेजात जाऊन नरम पडलीस बाई तू!"

उन्हाळ्यात परी आली. काकांनी तिला थेट गच्चीवर नेलं आणि गोळी सोडली. टाकीवर ठण्णकन वाजलं! परीने टाळ्या पिटल्या, बंदूक घेतली आणि दट्ट्या ओढला. हलेना. दोन्ही हातांनी ओढला, गुडघ्यांत धरून ओढला. शेवटी म्हणाली, "तुम्हीच मारा आजोबा," आणि खाली जाऊन मोबाइल घेऊन बसली.

"हत्तीसाठी केल्ती का बंदूक?" मावशी म्हणाली. एरवी काका तिला उत्तर दिल्याशिवाय राहत नाहीत. त्या दिवशी ते पेचकस शोधायला उठले.

दुपारभर ते बंदूक खोलून बसले. मूळची स्प्रिंग त्यांनी हिंगाच्या डबीत जपून ठेवली होती. ऊन उतरल्यावर त्यांनी परीला पुन्हा हाक मारली. दट्ट्या सहज आला. गोळी टाकीच्या जरा अलीकडे पडली. "थोडक्यात हुकली आजोबा!" म्हणत ती आणायला धावली. मंग पुन्हा, आणि पुन्हा. अंधार पडेपर्यंत काका गच्चीच्या कठड्याला टेकून "अजून एक, अजून एक" म्हणत होते.

परवा काका गच्चीवर बंदूक घेऊन बसले होते. मी भीतभीतच विचारलं, "काका, परी तर गेली. ती जाड स्प्रिंग परत बसवायची का? टाकीला लागेल."

"न्हाई बाई. आली अन् तिला ओढलाच न्हाई गेला तर?"

त्यांनी नेम धरला. गोळी टाकीच्या जरा अलीकडे पडली. काका सावकाश उठले, पलीकडे जाऊन ती उचलली, फुंकर मारून तिच्यावरची धूळ उडवली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.