हुक चांगला होता

आमच्या कारखान्यात त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे ‘वरचे’ म्हणत. ते क्रेन चालवायचे. छताखाली दोन रूळ आहेत, त्यांवरून ती क्रेन पुढे-मागे सरकते. तिला खाली एक काचेची केबिन लटकलेली आहे, तिच्यात वरचे दिवसभर बसलेले असत. नवीन कोणी कामाला लागला की आमचा फिटर त्याला हमखास विचारायचा, “नोकरी पक्की होणं कोणाच्या हातात असतं रे?” तो बिचारा भाबडेपणाने म्हणायचा, “वरच्याच्या.” की फिटर बोट वर करणार, “मग हात जोड, ते बघ बसलेत!” या विनोदाला बुरशी यायची तेवढी बाकी होती. तरी वरचे दर वेळी वरून हात हलवायचे.

मी खाली. लोखंडी तुळयांना साखळी बांधायची, साखळी हुकात अडकवायची आणि हातांनी इशारे करायचे, हे माझं काम. उचला, थांबा, डावीकडे, हळू. यंत्रांच्या आवाजात कोणाचं बोललेलं ऐकू जात नाही. माझं जातं, म्हणून मला ‘भोंगा’ म्हणतात. लटकत्या मालाखाली कोणी उभं राहिलं की मी अशी बोंब ठोकते की गेटवरचा वॉचमनसुद्धा दचकतो. म्हणू देत काय म्हणायचं ते. माझ्या बोंबेमुळे बऱ्याच जणांचे पाय शाबूत आहेत.

तर आम्ही दोघांनी वर्षानुवर्षं एकत्र काम केलं आणि बोललो म्हणाल तर फक्त हातांनी. माझा तळहात जरा वळला की तिकडे तुळई तेवढीच वळायची. तिच्यावर पाण्याचा पेला ठेवला असता तरी सांडला नसता, असा त्यांचा हात. पण त्यांना काय आवडतं, घरी कोण असतं, विचाराल तर मला ठाऊक नव्हतं. सकाळी सगळ्यांच्या आधी शिडी चढायचे. डबा पिशवीत घालून दोरीने वर ओढून घ्यायचे. तिथेच जेवायचे, जुन्या बनियनच्या तुकड्याने काच पुसायचे आणि सुट्टी झाली की आमच्या शिफ्टचे सगळे गेल्यावर उतरायचे. कोणी म्हटलं, “अहो, खाली या की जेवायला,” तर म्हणायचे, “गुडघे दुखतात, दोनदा कोण चढणार!” आम्हालाही ते पटायचं. न पटायला काय झालं?

आता आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. दर सोमवारी, यंत्रं सुरू व्हायच्या आधी, सगळे मधल्या मोकळ्या जागेत जमतात आणि एक जण फळीवर उभा राहून सांगतो की तो कसा थोडक्यात वाचला. बूट तेलावरून घसरला, चष्मा नसताना ठिणगी उडाली, असलं काहीतरी. आम्ही त्याला नुसतं ‘सोमवार’ म्हणतो. “या वेळी सोमवार कोणाचा?” असं विचारतात. सोमवारी सांगितलं त्याबद्दल कोणाला शिक्षा नाही आणि त्यावर कोणी हसायचं नाही. फोरमन तीन प्रश्न विचारतो: काय झालं, का झालं, आता काय करायचं? मग टाळ्या. आणि जे करायचं ठरतं ते फिटर संध्याकाळच्या आत करून टाकतो. फोरमनला या गोष्टीचा फार अभिमान. “आपल्याकडे माणूस बोलला की काम होतं,” हे त्याचं पालुपद. माणूस वाईट नाही तो. पण त्याला जगातला प्रत्येक प्रश्न पान्याने आवळता येतो असं वाटतं.

वरच्यांचा सोमवार आला की ते शिडीची पायरी निसरडी झाली होती असं काहीतरी दोन वाक्यांत सांगून मोकळे व्हायचे. त्या सोमवारीही मला तेच वाटलं होतं. ते फळीवर चढले, टोपी काढून हातात धरली आणि म्हणाले, “गेल्या आठवड्यात जेवायच्या सुट्टीत मी केबिनच्या बाहेर आलो. रेलिंगपाशी उभा राहिलो. रेलिंगला अडकवलेला कमरेच्या पट्ट्याचा हुक मी सोडला. बराच वेळ तसाच उभा होतो. मग परत लावला. थोडक्यात वाचलो.”

फोरमन म्हणाला, “का झालं?”

वरचे हातातल्या टोपीकडे बघत राहिले.

“हुक सुटला कसा?”

“मी सोडला.”

“म्हणजे सैल झाला असणार. आता काय करायचं? हुक बदलायचा. रेलिंग पण बुटकंच आहे ते, वाढवू. जाळी बसवू. शाब्बास, बोललात ते बरं केलंत!”

आणि टाळ्या. मी पण वाजवल्या. काय बोलले ते कानावर पडलं होतं, पण डोक्यात शिरलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत नवा कोरा हुक आला, रेलिंग छातीपर्यंत वाढलं आणि फिटरने घाम गाळून सगळीकडून जाळी ठोकली. ठोकून झाल्यावर खालून ओरडला, “आता उडी मारायची म्हटलीत तरी जमायचं नाही!” सगळे हसले. वरच्यांनी हात हलवला.

तो हात मी पाहिला. त्या हाताकडे बघण्यातच माझा जन्म गेलाय हो! हलवलेला हात आणि हलवायचा म्हणून हलवलेला हात, यातला फरक मला कळतो. घरी गेले तरी ते ‘मी सोडला’ काही डोक्यातून जाईना. तो हुक कसला असतो ते मला ठाऊक आहे, माझ्या कमरेलाही तसलाच असतो कधी कधी. तो आपला आपण सुटत नाही. दोन्ही हात लावून, मुद्दाम सोडावा लागतो.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत मी शिडी चढले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वर पोचेपर्यंत माझा जीव अर्धा झाला. केबिनमध्ये एकच खुर्ची, म्हणून मी दारातच बसले. डबा उघडा होता आणि त्यातलं काही हललं नव्हतं.

“अहो, तो हुक सैल नव्हता.”

“नव्हता.”

“मग तसं स्पष्ट बोलायचं नाही का?”

“बोललो की,” ते म्हणाले. “तू पण होतीस. टाळ्या वाजवल्यात तुम्ही.”

मी मान वळवली. खाली फिटर कोणाची तरी टिंगल करत होता, ते हसणं वर अगदी बारीक ऐकू येत होतं. माणसं दिसत होती, पण फक्त डोकी आणि खांदे. दिवसभर या माणसाला एवढंच दिसतं, हे मला तिथे बसल्यावर कळलं.

“काय झालंय तुम्हाला?”

“काही झालेलं नाही. तेच तर. मुलगी तिच्या घरी सुखात आहे. बायको चांगली आहे. घर गळत नाही. काही झालं असतं तर सांगता तरी आलं असतं गं. सकाळी डोळे उघडले की छातीवर कोणीतरी येऊन बसतं. दात घासायचे म्हटलं तरी अंगात बळ नसतं. दिवसभर तुझे हात बघतो. उचला, थांबा. त्याच्या पलीकडे माझ्याशी कोणी काही बोलत नाही. मला वाटलं, सोमवार आहे, सोमवारी कोणी हसत नाही, सांगून बघू.”

“मग परत सांगा. फोडून सांगा.”

“आणि मला खाली उतरवतील. क्रेनवाल्याचं डोकं ठिकाणावर नाही म्हटल्यावर कोण ठेवेल वर? डॉक्टर हो म्हणेपर्यंत बस खाली. खाली मी कोण आहे, सांग ना? मला दुसरं काय येतं?”

खोटं बोलायला जीभ वळेना. मी एवढंच म्हटलं, “आज माझ्याबरोबर उतरायचं. माझ्याबरोबर गेटपर्यंत चालायचं. आणि उद्या सकाळी माझ्या आधी वर चढलात तर माझ्याइतकी वाईट बाई नाही.” त्यांनी मान हलवली. माझ्या तोंडाला लोक घाबरतात, त्याचा कधीतरी उपयोग होतो.

रात्री मला झोप नव्हती. त्यांचं गुपित मी फोडणार नव्हते. पण माझं तर मी फोडू शकत होते.

सकाळी मी शिट्टी वाजवली आणि सगळ्यांना मधल्या जागेत बोलावलं. फोरमन धावत आला. “काय गं, काय झालं? आज बुधवार आहे!”

“असू दे. माझा सोमवार आहे.”

फळीवर उभी राहिले. म्हटलं, “तुम्हाला वाटतं मी सदा ओरडत असते. माझा नवरा गेला त्याच्या पुढच्या वर्षी मी कारखान्याबाहेर कोणाशी बोलत नव्हते. इथे यायचे, ओरडायचे, घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे. एके दिवशी मी घर आवरलं. भांडी घासून पालथी घातली. परत यायचं नाही असं ठरवून शेजारणीकडे किल्ली द्यायला गेले. ती म्हणाली, आत ये, चहा टाकते. मी बसले. तिने काही विचारलंसुद्धा नाही, तिच्या सुनेच्या कागाळ्या सांगत बसली. मी रडायला लागले. मग ती मला डॉक्टरकडे घेऊन गेली. वर्षभर गोळ्या खाल्ल्या. त्या दिवशी मी थोडक्यात वाचले.”

फोरमनच्या तोंडातून सवयीने निघून गेलं, “का झालं?”

“माहीत नाही.”

“आता काय...” तो थांबला. इकडेतिकडे बघायला लागला, जसा काही पाना शोधतोय. फिटरने मान खाली घातली होती. त्याचे कान लाल झाले होते, आणि माझी खात्री आहे की त्याला आपली ती जाळी आठवत होती.

मागून आवाज आला. “माझा हुक चांगला होता.”

सगळे वळले. वरचे भिंतीला टेकून उभे होते, टोपी हातात. “हुक चांगला होता, साहेब. रेलिंग पण चांगलं होतं. मी सोडला, कारण मला जगायचं नव्हतं. अजूनही रोज सकाळी नको वाटतं.”

टाळ्या वाजल्या नाहीत. फोरमन चालत त्यांच्यापर्यंत गेला. मला वाटलं आता हा भाषण ठोकणार. त्याने नुसता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पडलेल्या आवाजात म्हणाला, “केबिनची किल्ली द्या.”

त्यांना ज्याची भीती होती तेच झालं. किल्ली गेली. दुसऱ्या शिफ्टच्या माणसाला बोलावून वर चढवलं. फोरमन स्वतः त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेला, दुपारी परत आणलं, आणि वरचे माझ्या शेजारी साखळ्यांच्या ढिगावर बसले. डॉक्टर काय म्हणाले ते फोरमनने मला बाजूला घेऊन सांगितलं: औषध सुरू, दर आठवड्याला जायचं, आणि घरच्यांना सांगायचंच, एकटं ठेवायचं नाही. क्रेनचं पुढे बघू. ‘पुढे बघू’ म्हणजे काय ते मलाही कळत होतं आणि वरच्यांनाही. नवा माणूस वरून तुळई धक्के देत नेत होता आणि दर धक्क्याला वरच्यांचा जबडा आवळत होता.

“तुझ्यामुळे खाली आलो,” ते म्हणाले. डोळ्यांत राग होता, खरा राग.

“हो, माझ्यामुळे. शिव्या घालायच्या तर घाला. पण इथे बसून घाला.”

त्यांनी घातलीच एक. चांगली सणसणीत. मी म्हटलं, “आणखी?” ते म्हणाले, “घरी काय सांगू?”

“इथे सांगितलं तेच.”

“इथे सोमवार असतो,” ते म्हणाले. “घरी नसतो.”

म्हणून मी त्यांच्याबरोबर गेले. दार उघडंच होतं. बायको शिलाई मशीनवर बसली होती, मांडीवर पडद्याचं निळं कापड, तोंडात टाचण्या. माझ्याकडे बघून ती गोंधळली. वरचे उंबऱ्यातच उभे राहिले आणि टोपी काढून, फळीवर उभे असल्यासारखे सगळं एका दमात बोलले. जाळीचंसुद्धा सांगितलं.

तिने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. “कधी?”

“गेल्या गुरुवारी.”

“गुरुवारी तुम्ही घरी आलात,” ती म्हणाली. “मी विचारलं, बरं नाही का. तुम्ही म्हणालात, दमलोय. मग मी हेच कापड तुमच्या हातात दिलं, माप घ्यायचं होतं म्हणून.” तिने मांडीवरच्या कापडाकडे बघितलं. “तुमचे हात थरथरत होते. आणि मी ओरडले हो तुमच्यावर. म्हटलं, साधं कापड धरता येत नाही का नीट!”

वरचे तिथेच खाली बसले आणि रडायला लागले, लहान पोरासारखे, मोठमोठ्याने. ती उठली, मांडीवरचं कापड जमिनीवर पडलं, त्यावरून चालत आली आणि त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरून बसली. मला कोणी आत ये म्हटलं नाही. मी दाराबाहेर उभी राहिले, आणि मला निघता येईना.