चालून दाखवा

"जरा चालून दाखवा बरं." डॉक्टरीणबाई नमस्काराच्या आधी हे म्हणायच्या. समोर रुग्ण असो, टँकरचा ड्रायव्हर असो, नाहीतर आमच्या दूध संघाचे चेअरमन. चेअरमन पहिल्यांदा चालले ते छाती पुढे काढून, व्यासपीठावर निघाल्यासारखे. बाई म्हणाल्या, "तसं न्हाई चेअरमनसाहेब, घरात चालता तसं."

मुलांनो, तुम्ही बर्फाच्या देशात राहता, म्हणून त्यांच्याविषयी तुम्हाला मुद्दाम सांगते.

बाई धारूरकडच्या मेंढपाळाच्या घरातल्या. मोठ्या शहरात मेंदू आणि नसांच्या डॉक्टर झाल्या. त्यांचं संशोधन मल्टिपल स्क्लेरोसिसवर आणि त्याच्या भाऊबंद आजारांवर होतं. यात शरीराची संरक्षण करणारी फौज आपल्याच नसांचं आवरण कुरतडते. हा थंड देशांचा आजार, असं तेव्हाची पुस्तकं सांगत. "लिहिणाऱ्यानं आपला घाटावरचा मुलूख कुठं बघितलाय?" असं बाई म्हणत.

महिन्यातून एकदा त्या सिरसाळ्याला येऊन दूध संघाच्या ओसरीवर टेबल मांडत. तुमचे आजोबा संघाचे व्यवस्थापक आणि मी शाळेत इंग्रजी शिकवणारी, म्हणून त्यांचा चहा आमच्याकडे.

त्या वर्षी दुष्काळ होता. जनावरं छावणीत, रानं कोरडी. सुमन संघात दुधाचं फॅट तपासायची आणि तिच्या पगारावर घर चाललं होतं. ऊन चढलं की तिला धूसर दिसे, पायात पाय अडकत. दुधाचे कॅन ठेवायच्या शीतखोलीत थोडं बसली की पुन्हा सगळं ठीक.

हेच तिच्या अंगाशी आलं. असल्या उन्हात गारव्याला बसायला कोणाला नको? सगळ्यांनी ठरवून टाकलं, सोंग आहे.

"लई नाटकी हाय, साहेब," तिचा नवरा आजोबांना म्हणाला. "कामावरून काढा. पगार गेला तर जाऊ द्या, मी तिला माहेरी नेऊन घालतो."

कामावरून काढायचा विषय संचालकांच्या बैठकीत आला, तो नेमका बाईंचा यायचा दिवस होता. त्या न बोलावता आत गेल्या आणि सगळ्यांना अंगणात घेऊन आल्या.

"सुमन, चालून दाखव."

भर उन्हात ती चालली. थोडं अंतर गेल्यावर उजवा पाय ओढायला लागली. भिंतीवरचं संघाचं नाव तिला वाचता येईना. मग बाईंनी तिला शीतखोलीत बसवलं आणि स्वतःही शेजारी बसल्या. बाहेर संचालक आणि सुमनचा नवरा घाम पुसत उभे. सुमन बाहेर आली ती सरळ चालत, आणि भिंतीवरचं नाव तिने घडाघडा वाचलं.

"बघा, आमी काय म्हणत होतो?" नवरा म्हणाला. "गारव्याला बसली की बरी."

"तेच तर दुखणं हाय," बाई म्हणाल्या. "आवरण झिजलेली नस उष्णतेनं दमती, गार झाली की पुन्हा काम करती. सकाळीच तपासताना मी तिच्या डोळ्याच्या आत बघितलंय, नस फिकी पडली हाय. सोंग करून ती फिकी पाडता येती का? तुमी पाडून दाखवा."

सुमनची नोकरी टिकली. तिचं दूध तपासायचं टेबल आजोबांनी शीतखोलीच्या दाराशी हलवलं. बाईंनी तिला शहरात नेऊन उपचार सुरू केले.

पुढे बाईंनी सुमनवर आणि घाटनांदूरपासून इकडच्या आणखी रुग्णांवर निबंध लिहिला. इंग्रजी मी तपासलं. त्या 'द' हा शब्द मिठासारखा जिथे तिथे टाकत आणि मी तो वेचून काढी. परदेशी नियतकालिकाने निबंध परत पाठवला. इतक्या उष्ण भागात हा आजार कसा असेल, अशी त्यांची शंका. बाई बशीत चहा ओतत म्हणाल्या, "कावून नसंल? लिहा मास्तरीणबाई, पुन्हा लिहू."

लिहिला, आणि छापून आला.

तो अंक घेऊन त्या संघाच्या वार्षिक सभेला आल्या. दुधाच्या भावावरून दरवर्षी खुर्च्या उचलणारी ती सभा. बाईंनी निबंध मराठीत सांगितला तेव्हा एकही खुर्ची जागची हलली नाही. चेअरमन उठले. सहकारातल्या माणसाला ठरावाशिवाय कशावरच विश्वास ठेवता येत नाही. "सुमनबाईंचा आजार खरा आहे, असा ठराव मी मांडतो. अनुमोदन कोण देतंय?"

तिसऱ्या रांगेतून तिचा नवरा उभा राहिला. "मी देतो."

एकमताने मंजूर. बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "परदेशात किती खेटे घालावे लागले, आणि इथं नुसते हात वर."

आता पुस्तकं बदलली आहेत. बाई मागच्या उन्हाळ्यात गेल्या. संघाच्या हॉलमध्ये त्यांचा फोटो ठेवला होता. सुमनला पुढे या आजाराचे आणखी झटके आले, आता ती काठी घेते. हार घालायला तिचं नाव पुकारलं तेव्हा थकलेले चेअरमन हात धरायला उठले.

"बसा तुमी," सुमन म्हणाली. काठी तिने नवऱ्याकडे दिली. "त्यांना चालून दाखवायचंय."

आणि ती चालली, घरात चालते तशी.