न खेळलेला सामना

आमचा जर्मन कुठलीही वस्तू हातात घेण्याआधी एकदा उजव्या आणि एकदा डाव्या खांद्यावरून मागे बघायचा. चहाचा कप असो, जिन्याची किल्ली असो, नाहीतर पोह्यांची बशी. तो आमच्या माडीवर राहायला आला त्या सकाळी बायकोने पोहे पुढे केले, तर हा आधी वळून भिंत बघतो, मग दुसरीकडे वळून फ्रिज बघतो आणि मग बशीला हात लावतो. बायको स्वयंपाकघरात येऊन कुजबुजली, "अहो, ठीक आहे ना हा माणूस? पोहे घेतोय की पळवतोय?"

मी त्याला विचारलंच. तो ओशाळला नाही, उलट चिडला. "मी मिडफिल्डर होतो," तो जर्मनमध्ये म्हणाला. "मैदानाच्या मध्यावर चेंडू तुमच्याकडे येतो तेव्हा चारी बाजूंना माणसं असतात. चेंडू यायच्या आधी बघायचं. आल्यावर बघून काय उपयोग?" सोळा वर्षं पोटासाठी फुटबॉल खेळलेल्या माणसाची मान आता पोह्यांसाठीसुद्धा फिरत होती. मला हसू आलं होतं. आज ते आठवलं की स्वतःलाच दोन लगावून द्याव्यात असं वाटतं.

माझ्याबद्दल थोडं सांगणं भाग आहे, कारण या हकिकतीत राग धरावा असा माणूस मीच आहे. मी मूळचा मिरजेचा, रेल्वेत इंजिनिअर. नोकरीची बरीच वर्षं लखनौत मानक नगरच्या क्वार्टरमध्ये गेली आणि निवृत्तीनंतर विकास नगरात घर बांधलं. पुण्यात शिकत असताना मी हौसेने जर्मन शिकलो होतो. पुढे नोकरीत जर्मनीला ट्रेनिंगला जायचं ठरलं, बॅग भरून झाली आणि ऐनवेळी यादीतून माझं नाव गळलं. पण कॉलनीत कुणीतरी 'साहब जर्मनी रहे हैं' म्हणायला सुरुवात केली. मी ते खोडून काढलं नाही. गेलो असतो तर काय बोललो असतो, तेवढं मला ठाऊक होतं, आणि लोकांना तेवढं पुरत होतं.

आमच्या घरामागच्या मैदानावर एक खाजगी फुटबॉल अकादमी निघाली, तिच्या डायरेक्टरने या माणसाला कोच म्हणून आणलं. डायरेक्टरचे बूट पांढरेशुभ्र असत. मैदानावरच्या चिखलात त्याला कुणी कधी पाहिलं नाही. त्याला दुभाष्या हवा होता, जर्मनाला जागा हवी होती, आणि माझी माडी रिकामी होती. गल्लीत सगळे 'जर्मन साहब' म्हणत. त्याचं खरं नाव आमच्याकडे कुणाला धड उच्चारता आलं नाही, म्हणून ते बाजूलाच राहिलं.

त्याला राग यायचा तो खोटेपणाचा. ढिलाईचाही यायचा, पण त्याच्या लेखी ढिलाई म्हणजे खोटेपणाच. सहा वाजता येतो म्हणून साडेसहाला येणारा पोरगा त्याच्या दृष्टीने अर्धा तास खोटं बोलत असे. लखनौत 'हो जाएगा' हे वाक्य हवेसारखं आहे; ते ऐकलं की त्याच्या कपाळावरची शीर उडायची. पहिल्या महिन्यात त्याने तीनच हिंदी शब्द उचलले: 'गलत', 'अभी' आणि 'फिर से'. एवढ्यावर त्याने चाळीस पोरांचं मैदान चालवलं. सब्जीवाल्या भैयाने पिशवीत दोन पिचके टोमॅटो घातले तेव्हा त्यालाही 'गलत' आणि 'फिर से' ऐकावं लागलं. भैयाने मुकाट्याने टोमॅटो बदलले. आमच्या तीस वर्षांच्या घासाघिशीला जे जमलं नव्हतं ते दोन शब्दांत झालं.

बायको त्याला भाऊजी म्हणू लागली. त्याने मला अर्थ विचारला. मी सांगितलं, नवऱ्याचा भाऊ. तो म्हणाला, "पण मी तुमचा भाऊ नाही." मी ते बायकोला सांगितलं तर ती भडकली, "मग काय, ओ भाडेकरू म्हणून हाक मारू?" त्याने एक अख्खा दिवस विचार केला. दुसऱ्या दिवशी खाली येऊन गंभीरपणे म्हणाला, "ठीक. भाऊजी." आणि त्या दिवसापासून तिच्या हातातली जड पिशवी दिसली की गच्चीवरून धावत खाली यायचा. एखादं नातं मान्य केलं की ते निभवायचं असतं, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

रविवारी सकाळी तो गच्चीवर बसून जुन्या टूथब्रशने स्वतःचे बूट घासायचा. त्या वेळी तो बोलायचा. बाप कोळशाच्या खाणीत. गावच्या क्लबमधून सतराव्या वर्षी सुरुवात. दोन वर्षं लीगच्या सर्वांत वरच्या विभागात, तीही बहुतेक राखीव खेळाडूंच्या बेंचवर. मग दुसऱ्या विभागात वर्षांमागून वर्षं. बचावातल्या माणसाकडून चेंडू घ्यायचा आणि पुढच्याला द्यायचा, एवढंच काम. "गोल करणाऱ्याचा फोटो छापतात," तो म्हणायचा, "त्यात कोपऱ्यात माझा हात दिसतो कधीकधी." मग गुडघा गेला, तिसरा विभाग, आणि एका पावसाळी दुपारी गावच्याच मैदानावर शेवट. हे सांगताना त्याचा आवाज कधी पडला नाही. मला वाटायचं, केवढं साधं आयुष्य. मी मूर्ख होतो. एवढी वर्षं कुणाचं लक्ष नसताना रोज धावणं साधं नसतं.

एकदा बूट वाळत ठेवून तो खोलीत गेला आणि एक पांढरी जर्सी घेऊन आला. देशाची. ऐन भरात असताना एका मैत्रीच्या सामन्यासाठी त्याला राष्ट्रीय संघात बोलावलं होतं. उत्तरार्धात प्रशिक्षकाने खूण केली, वॉर्म-अप कर. तो मैदानाच्या कडेने चाळीस मिनिटं धावत राहिला. शिट्टी झाली, सामना संपला. त्याला आत घेतलंच नाही, आणि पुन्हा कधी बोलावलंही नाही. "हिला माझा घाम आहे," तो जर्सी दाखवत म्हणाला, "पण तो वॉर्म-अपचा." मी म्हणालो, "तरी संघात होतातच की." त्याने जर्सीची घडी घातली. "नाही. मैदानावर पाऊल पडलं नाही तर तो सामना माझा नाही. मी बसलो होतो."

त्याच आठवड्यात डायरेक्टरने मला मैदानाच्या भिंतीवरच्या पत्र्याच्या बोर्डासाठी हिंदीत चार ओळी लिहायला सांगितल्या. मी जर्सीची गोष्ट त्याच्या कानावर घातली. मोठ्या कौतुकाने घातली. त्याचे डोळे चमकले. "तो लिखिए न अंकल, जर्मनी के लिए खेले हैं! बैठे हों या खड़े हों, टीम में तो थे!" आणि मी लिहिलं. 'जर्मनी की राष्ट्रीय टीम के पूर्व खिलाड़ी.' माझ्याच हाताने, स्वच्छ अक्षरात. मला वाटलं, काय बिघडतं? मी नाही का आयुष्यभर जर्मनीला जाऊन आलेलो? पेंटरने बोर्ड रंगवला, वर जर्मनाचा फोटो. त्याला देवनागरी वाचता येत नव्हती. त्याने मला विचारलं, "काय लिहिलंय?" मी म्हणालो, "तुमचं नाव, आणि मुख्य कोच." त्याचा विश्वास बसला. दुभाष्यावर विश्वास ठेवावाच लागतो, त्याला दुसरा इलाज नसतो.

आठ महिने तो रोज त्या खोट्याखालून शिट्टी वाजवत आत गेला.

मग अकादमीच्या स्पर्धेचं उद्घाटन आलं. मंडप, पाहुणे, शाली, हार. निवेदकाने माइकवर सुरुवात केली, "जर्मनी के लिए खेल चुके, हमारे जर्मन साहब..." एव्हाना त्याला एवढी हिंदी कळत होती. शाल घेऊन पाहुणे पुढे आले आणि त्याने दोन्ही खांद्यांवरून मागे बघितलं. या वेळी सवयीने नाही. मागे दुसरा कुणी उभा आहे का, हे तो बघत होता. मग त्याने शाल बाजूला सारली, निवेदकाच्या हातातला माइक घेतला आणि म्हणाला, "गलत. मैं नहीं खेला. मैं बैठा था."

मग पहिल्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ मान डोलवत म्हणाले, "वाह! इसे कहते हैं तहज़ीब. इतना बड़ा खिलाड़ी, और यह इन्किसारी!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. तो लालबुंद झाला. "फिर से," तो ओरडला, "मैं नहीं खेला!" टाळ्या आणखी वाढल्या. या शहराला नम्रतेचं एवढं वेड की समोरचा माणूस घसा फोडून खरं सांगतोय हे कुणाच्या डोक्यात शिरेना. डायरेक्टर तर डोळे पुसत होता, लबाड कुठला!

जर्मनाने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्यापासून दोन हातांवर होतो. माझं कामच ते होतं. माइक घ्यायचा आणि शुद्ध हिंदीत सांगायचं, की हा माणूस विनय करत नाहीये, खरं बोलतोय, आणि बोर्ड मी लिहिला आहे. मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांसारख्या. या दोन हातांनी.

घरी आल्यावर त्याने विचारलं, "कुणी लिहिलं?" मी म्हणालो, "मी." मला वाटलं तो ओरडेल. तो जिन्याच्या पायरीवर बसला. "ती चाळीस मिनिटं माझी होती," तो म्हणाला. "त्यांच्याबरोबर जगायला मला वीस वर्षं लागली. न खेळणं हीसुद्धा माझीच कारकीर्द आहे. ती तुम्ही पुसलीत." त्यानंतर तो माझ्याशी एक शब्द जर्मन बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच डायरेक्टरकडे गेला. बोर्ड बदला, नाहीतर मी जातो. डायरेक्टर म्हणाला, "बच्चे बोर्ड देखकर आते हैं, सर. आप टेंशन मत लीजिए, हो जाएगा." शेवटचे दोन शब्द त्याने उच्चारायला नको होते.

जाईपर्यंतचे नऊ दिवस तो माझ्याशी फक्त हिंदी बोलला. "पानी नहीं आया." "चाबी." ज्या भाषेत त्याने मला बाप, गुडघा, जर्सी सगळं दिलं होतं, तिचं दार त्याने लावून घेतलं. मी माडीवर चहा घेऊन जायचो आणि तसाच खाली यायचो. निघायच्या सकाळी बायकोने चिवड्याचा डबा पुढे केला. त्याने एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून मागे बघितलं आणि डबा घेतला. "धन्यवाद, वहिनी." भाऊजीवरून वहिनी त्याने स्वतःच शोधून काढली होती. बायको रडायला लागली. मी जर्मनमध्ये म्हणालो, "मला माफ करा." तो हिंदीत म्हणाला, "गाड़ी आ गई."

बोर्ड मात्र तसाच. तोच फोटो, तेच माझं वाक्य. मी डायरेक्टरला फोन केला तर हसला, "अंकल, वो तो चले गए. अब किसको बुरा लगेगा?" मी फोनवर ओरडलो, "मुझे!" मुलगा बंगळूरहून समजावायला लागला, "पापा, छोड़ो ना यार, इस उमर में..." त्यालाही चार शब्द सुनावले. आणि मग भर अकरा वाजता, हातात स्टूल, काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन मी मैदानाच्या भिंतीपाशी गेलो.

ती ओळ मी काळी केली. तिच्याखाली लिहिलं: 'जर्मनी की दूसरी डिवीज़न में मिडफ़ील्डर. राष्ट्रीय टीम के लिए नहीं खेले, बेंच पर बैठे थे.' समोरचा चहावाला गाडी सोडून बघायला आला. "ये क्या कर रहे हैं, साहब? ख़ैर, आप तो ख़ुद जर्मनी रहे हैं, आप ज़्यादा जानते होंगे."

मी स्टुलावरून खाली उतरलो. "नहीं," मी म्हणालो. "मैं कभी जर्मनी गया ही नहीं."

तो हसला. "आप भी न साहब! कितने सीधे आदमी हैं." मी पुन्हा सांगितलं. तो आणखी हसला आणि मला फुकट चहा देऊ लागला. माझ्या कानशिलात रक्त चढलं. मंडपात त्या दिवशी माइक धरून उभ्या असलेल्या माणसाला काय झालं होतं, ते मला तेव्हा कळलं.

बोर्डाचा फोटो काढून मी त्याला पाठवला. सोबत काही लिहिलं नाही. कुठल्या भाषेत लिहिणार? चार दिवस उत्तर नाही. वाटलं, संपलं. पाचव्या दिवशी दुपारी मेसेज आला. एकच ओळ होती, जर्मनमध्ये. नमस्कार नाही, आभार नाहीत. बोर्ड त्याने कुणाकडून तरी वाचून घेतला असणार, या वेळी माझ्यावर भरवसा न ठेवता.

"तिसऱ्या विभागातली तीन वर्षं लिहायची राहिली."

मी ती ओळ मोठ्याने वाचली, मग पुन्हा वाचली. बायकोने विचारलं, "काय म्हणतायत भाऊजी?" मी जिन्याखालून स्टूल पुन्हा बाहेर काढलं.