अनुमोदक म्हणून माझं नाव

नानांनी माझं मनगट धरलं आणि माझा हात वर केला.

माझ्या तोंडात आलुबोंडा होता. गरम. ग्रामपंचायतीची मासिक सभा चालू होती आणि ग्रामसेवकांनी विचारलं होतं, "अनुमोदक कोन?" मी घास गिळेपर्यंत थांबायला कोणाला वेळ नव्हता. सरपंच माझ्या शेजारीच बसले होते. त्यांना सगळं गाव नाना म्हणतं. त्यांनी कपाशीची वाळकी पऱ्हाटी उपटावी तसा माझा हात उचलला आणि म्हणाले,

"लिहा याचं नाव. याचा हात तसाही वरच असते. आज तोंड बिझी हाये म्हून मी उचलून देल्ला."

सगळे हसले. मीही हसलो. खरं सांगायचं तर सगळ्यांत जोरात मीच हसलो. बटाटा घशात अडकला, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. नानांनी पाठीवर थाप मारली. "पानी द्या बे याले."

पाणी आलं. स्टीलच्या ग्लासात, सगळ्यांना येतं तसंच. त्यामुळे मला वाटलं, अपमान काही झालेला नाही. अपमान मी आजोबांच्या तोंडून ऐकला होता. त्यात ओंजळ असायची आणि वरून ओतलेली धार असायची. मला तर ग्लास मिळाला होता. खुर्ची मिळाली होती. आलुबोंडे दोन मिळाले होते.

मी आमच्या वस्तीचा मेंबर. गाव नाल्याच्या अलीकडे, आमची बौद्धांची वस्ती पलीकडे. गिरडकडे जाणारा रस्ता गावाला लागून जातो, तिथल्या फाट्यावर माझं दुकान आहे. झेरॉक्स, रिचार्ज, थंड पाण्याच्या बाटल्या. राखीव जागेसाठी नानांच्या पॅनलला माणूस पाहिजे होता. माझ्याआधीचा आमचा मेंबर प्रत्येक विषयावर प्रश्न विचारायचा, म्हणून गावात त्याचं नाव भांडखोर पडलं होतं. मी पडलो गोड माणूस. नाना म्हणाले, "तू कसा समजदार हाये." समजदार म्हटल्यावर मी विरघळतो. हा माझा जुना आजार आहे.

प्रचारात वस्तीत माझ्यासाठी सगळ्यांत जास्त फिरल्या त्या वहिनी. माझ्या चुलतभावाची बायको. चुलतभाऊ वारल्यापासून घर त्यांच्या एकटीच्या पगारावर. हिंगणघाटला एका दवाखान्यात आया म्हणून त्या काम करायच्या. सकाळी साडेसहाची बस गावातून नाल्यावरच्या रपट्यावरून, म्हणजे बुटक्या फरशीपुलावरून, वस्तीत यायची, विहारासमोर वळायची आणि वस्तीतल्या बायकापोरींना घेऊन परत जायची. आठला वहिनी कामावर हजर. त्या बसमध्ये उभ्या राहून त्यांनी माझा प्रचार केला. "माह्या देराले मत द्या. बोलते लय, पन मनाचा साफ हाये."

तर ती सभा. विषय होता नाल्याचं खोलीकरण आणि त्यावर सिमेंटचा बंधारा. विषय चांगला होता. होळी झाली की आमच्याकडे विहिरी तळ दाखवतात. पाण्याला कोण नाही म्हणतो? नाना म्हणाले, "बोल ना दोन शब्द. तुमच्या लोकायचा तं पान्याचा इतिहासच हाये."

मी उठलो. मी चवदार तळं काढलं. चौदा एप्रिलला दरवर्षी करतो ते भाषण, शब्द न शब्द पाठ. आवाज चढवला, हात हलवले. पाण्यासाठी आमची माणसं रक्त सांडून आली आहेत, तेव्हा पाणी अडवायला आमची वस्ती सगळ्यांत पुढे राहील, असं मी ठोकून दिलं. टाळ्या पडल्या. ग्रामसेवक ठराव वाचायला लागले तेव्हा मी स्वतःवरच इतका खूश होतो की मला एक शब्द ऐकू आला नाही. तेवढ्यात आलुबोंडे आले. पुढचं सांगितलंच.

दुसऱ्या दिवशी त्या ठरावाच्या नकला माझ्याच दुकानात निघाल्या. चार प्रती. मी त्या काढल्या, कोपरे जुळवले, पिन मारली. वाचल्या नाहीत. झेरॉक्सवाला कागद वाचत बसला तर धंदा कधी करणार, असं मी गिऱ्हाइकांना नेहमी ऐटीत सांगायचो.

मे महिन्यात पोकलेन आलं. रपटा एका सकाळीत उखडला. वस्तीतली माणसं काठावर उभी. मी त्यांना सांगितलं, "काई चिंता नोका करू, पूल मंजूर होऊन राह्यला." हे मला नानांनी सांगितलं होतं. मी त्यात माझ्या पदरचं "लवकरच" घातलं.

आषाढात नाला काठोकाठ भरला. नानांच्या संत्र्याच्या बागेतली विहीर वर आली. खोटं कशाला बोलू, वस्तीतल्या हातपंपालाही पाणी वाढलं. मी बंधाऱ्यापुढे उभा राहून फोटो काढला आणि मोबाइलवर स्टेटसला ठेवला.

बस मात्र वस्तीत येईना. ती फाट्यावर थांबायची आणि तिथूनच परत फिरायची. माझ्या दुकानासमोर. बाटल्या जास्त खपायला लागल्या. मला वाटलं, नशीब उघडलं.

वस्तीतून फाट्यावर यायला आता नाल्याच्या वरच्या अंगाला असलेल्या जुन्या पुलावरून फेरा. तीन किलोमीटर, चिखलाचा. मी तो फेरा मोटरसायकलवर मारायचो, साडेआठला, आंघोळ करून. वहिनी साडेपाचला अंधारात चिखल तुडवत निघायच्या. आम्ही एकमेकांना दिसतच नव्हतो. बस कधी मिळायची, कधी डोळ्यांदेखत निघून जायची. दवाखान्यानं त्यांना दोनदा समज दिली. तिसऱ्यांदा सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

वहिनी घरी बसल्या नाहीत. सरळ डेपोत गेल्या. तिथून परत आल्या त्या माझ्या दुकानात. साडीच्या काठाला चिखल वाळलेला. बाकड्यावर बसल्या आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

"पाहा जी भाऊजी. कागद कोनाचा हाये?"

फोटो होता. ठरावाचा. नाव वाचायच्या आधी मी तो ओळखला. डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत काळा पट्टा. माझ्या मशीनचा पट्टा. दोन वर्षांपासून दुरुस्त करतो म्हणतो आहे.

"मी त्या साहेबासंग भांडली," वहिनी म्हणाल्या. "म्हनलं, आमचा मेंबर घरचा हाये, त्यायनं विरोध केला असन. तो हासला. म्हने, बाई, तुमच्याच मेंबरनं लिहून देल्लं. वाचा तुमी. मोठ्यानं वाचा."

मी वाचलं. रपटा काढण्यास मंजुरी. बसथांबा फाट्यावर हलवण्याची शिफारस. आणि शेवटची ओळ: सदर बदलास वस्तीतील नागरिकांची कोणतीही हरकत नाही. अनुमोदक म्हणून माझं नाव.

"वहिनी, मले मालूम नव्हतं."

"सही कोनाची हाये?"

"माहीच. पन मी वाचलंच नाई."

त्यांनी मोबाइल परत घेतला. मग दुकानाकडे पाहिलं. बाटल्यांचा नवा फ्रीज, समोरचा थांबा.

"वस्तीत लोक म्हनून राह्यले का तुमी दुकानासाठी केलं. मी म्हनलं, नाई. पन खरं सांगू का, भाऊजी? दुकानासाठी केलं असतं तं बरं झालं असतं. निदान डोकं चालवलं म्हनलं असतं."

त्या रडल्या असत्या तर मी धीर दिला असता. मला ते चांगलं जमतं. त्या उठल्या आणि तीन किलोमीटर चालायला लागल्या. मी म्हटलं, गाडीवर सोडतो. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

त्या दिवशी दुकान बंद करून मी पंचायतीत गेलो. ग्रामसेवकांना म्हटलं, मागच्या सगळ्या सभांचं प्रोसिडिंग रजिस्टर दाखवा. ते म्हणाले, "तुमाले काऊन पाह्यजे?" अडीच वर्षं मेंबर असलेल्या माणसाला हा प्रश्न. आणि प्रश्न बरोबरच होता. मी ते रजिस्टर फक्त सही करायला उघडलं होतं, तेही दुकानात, गिऱ्हाईक समोर असताना, त्यांनी बोट ठेवलेल्या जागी.

वाचत बसलो. नानांच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता, अनुमोदक मी. विहाराजवळच्या दिव्यांचा विषय तहकूब, अनुमोदक मी. तोच विषय पुन्हा तहकूब, पुन्हा मी. एका सभेच्या दिवशी मी गावातच नव्हतो, मेव्हण्याच्या लग्नाला पुलगावला गेलो होतो. वरातीत नाचत होतो. अनुमोदक मी.

मला हसू आलं. एकटाच हसलो त्या खोलीत. मग हसू थांबलं. आजोबांना ओंजळीत पाणी प्यावं लागलं, कारण त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. माझ्यापुढे होता. मी आलुबोंडा खात होतो.

नानांनी माझ्या वस्तीविरुद्ध एक अक्षर स्वतःच्या हातानं लिहिलं नव्हतं. त्यांना गरजच पडली नाही. मी होतो ना. समजदार.

पुढच्या सभेत मी उभा राहिलो. म्हटलं, तो ठराव मी न वाचता अनुमोदिला, ती माझी चूक. बंधारा राहू द्या. पूल होईपर्यंत बस वरच्या पुलावरून वस्तीत यावी, असा नवा ठराव घ्या. सूचक मी.

नाना रागावले नाहीत. हसले.

"तुह्याच अनुमोदनाचा ठराव, अन् तूच मोडतं? मंग त्या दिवशी चवदार तळ्याचं भाषन काऊन ठोकलं? आता पान्याच्या विरोधात हाये का तू?"

मागून एक मेंबर म्हणाला, "भूक लागली वाटते. आलुबोंडा सांगा याच्यासाठी."

या वेळी मी हसलो नाही. माझ्याशिवाय हसणं किती बारीक होतं, ते पहिल्यांदा कळलं.

ग्रामसेवक म्हणाले, "अनुमोदक कोन?"

मी एकेकाकडे पाहिलं. या प्रत्येकाच्या कोणत्या ना कोणत्या विषयाला मी अनुमोदन दिलेलं होतं. एकाची विहीर, एकाचा गोठा, एकाच्या दारातली नाली. कोणी पंख्याकडे पाहत होतं, कोणी मोबाइलमध्ये. पंखा बंद होता.

नाना म्हणाले, "चला, पुढचा विषय."

संध्याकाळी नाना स्वतः दुकानावर आले. बाटली घेतली, पैसे दिले, सुटे परत घेतले नाहीत. "काऊन सोताची फजिती करून घेऊन राह्यला? वस्तीवाले तुले शिव्या देतीन अन् गाववाले हासतीन. पुढच्या खेपेले तुले उपसरपंच करतो. तू आपलाच हाये."

आपलाच. सहा महिन्यांपूर्वी या शब्दावर मी रात्रभर खूश राहिलो असतो. मी सुटे त्यांच्या हातात ठेवले. "नाना, मी वस्तीचा हावो. तुमचा राह्यलो, म्हून हे झालं."

रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि कबूल केलं. न वाचता सही केली, एकदा नाही, अडीच वर्षं. मला वाटलं होतं, कोणीतरी म्हणेल, जाऊ दे बाप्पा, चूक होते माणसाची. कोणी म्हणालं नाही. एका म्हाताऱ्यानं एवढंच विचारलं, "मंग त्या खुर्चीत बसून तू इतके दिवस काय करत होता बे?"

मी सांगितलं. "खात होतो, बाबा."

बाहेर वहिनी चपला घालत होत्या. सभेतलं सगळं त्यांना सांगितलं. मी मागितलं, कोणी उभं राहिलं नाही, विषय संपला.

"लिहून ठेवलं का त्यायनं?"

"काय?"

"हेच. का तुमी मागतलं अन् कोनी उभं नाई राह्यलं."

मी पुन्हा पंचायतीत गेलो. नव्हतं लिहिलेलं. आयत्या वेळचे विषय: नाही. एवढंच. माझी अडीच वर्षांतली पहिली सूचना कागदावर झालीच नव्हती. ग्रामसेवक म्हणाले, अनुमोदन नाही तर लिहायचं काय? मी म्हटलं, तेच लिहा. ते म्हणाले, नंतर पाहू. मी खुर्ची ओढून समोर बसलो. चहा आणू का म्हणाले. नको म्हटलं. चार वाजता त्यांनी पेन उघडलं.

ती ओळ मी दोनदा वाचली. मग सही केली.

बस अजून आलेली नाही. वहिनींचं काम गेलं ते गेलंच. आता त्या दुसऱ्यांच्या वावरात तण काढायला, निंदणाला जातात आणि माझ्याशी कामापुरतं बोलतात. ते मला मिळायलाच पाहिजे. त्यांची माफी मी मागितलेली नाही, कारण माफीनं कोणी हिंगणघाटला पोचत नाही.

दर महिन्याला सभा असते. दर महिन्याला मी हा विषय मांडतो. सूचक म्हणून माझं नाव, पुढची जागा रिकामी, अनुमोदन न मिळाल्याने विषय बारगळला. आता अशा ओळी साचत चालल्या आहेत. नाना म्हणतात, काय मिळते तुले यानं? मी सांगतो, लिहा. मी मेंबर आहे तोवर लिहा, पुढच्या महिन्यात पुन्हा लिहा. वस्तीला हरकत नाही, असं माझ्या सहीनं एकदा लिहिलं गेलं आहे. बस विहारासमोर येऊन वळेपर्यंत मी त्या रजिस्टरात वस्तीची हरकत लिहीत राहणार आहे.