कुंपणावरचं ढब्बू पिल्लू

पडदेवालीच्या शिलाई मशीनसमोर खिडकी होती आणि खिडकीखाली कुंपण. कुंपणावर एक ढब्बू पिल्लू ठाण मांडून बसलेलं असायचं, करड्या पिसांचं, सदा चोच वासलेलं. त्याला भरवणारा वटवट्या पक्षी जेमतेम अंगठ्याएवढा. अळी घेऊन यायचा आणि चोचीपर्यंत पोचायला चक्क पिल्लाच्या पाठीवर चढायचा!

"कोकिळेच्या जातीचं आहे ते," चहाला आलेली शेजारीण म्हणाली. "आयतं घरटं बघून आईने अंडं टाकलं आणि मोकळी झाली. या बिचाऱ्याला कळत कसं नाही गं?"

"कळत असेलही. भूक दिसली की भरवत असेल."

"हो, तू असंच म्हणणार!"

दोघी हसल्या; पडदेवालीचं हसू जरा आधी थांबलं. परगावी नोकरी करणाऱ्या बहिणीची मुलगी तान्ही असल्यापासून तिच्याकडे होती. 'आई' म्हणायचं ते बहिणीलाच, हा दंडक पडदेवालीचाच. मुलीने चुकून तिला आई म्हटलं, तर ती ओ देत नसे. आता बहिणीचं बस्तान बसलं, तशी ती लेकीला घेऊन गेली. जाताना मुलगी रडली नाही. तेच पडदेवालीला लागलं.

पडद्यांच्या उरल्यासुरल्या कापडातून ती मुलीला फ्रॉक शिवायची. माप वितीने. मुलीला गुदगुल्या व्हायच्या, ती वळवळायची, आणि फ्रॉकचा घेर हमखास तिरका व्हायचा.

संध्याकाळी फोन आला.

"मावशी, मला निळा फ्रॉक हवाय. माप सांगू? आईने टेपने घेतलंय."

"फोनवर माप घेत नाही मी. गिऱ्हाइकाने दुकानात यायचं."

"अगं, पण मी उंच झालेय!"

"म्हणून तर."

पलीकडे खुसखुस ऐकू आली. मग कुणीतरी हाक मारली. "आले गं आई!" म्हणत मुलीने फोन ठेवला. येते म्हणाली नाही, येत नाही असंही नाही.

दुसऱ्या दिवशी कुंपण रिकामं. वटवट्या अळी घेऊन आला, या टोकापासून त्या टोकापर्यंत नाचला, मान वाकडी करून थांबला. शेवटी अळी स्वतःच गिळून झुडपात शिरला.

पडदेवालीने निळं कापड पसरलं. हाताला सवयीचं माप होतं. फ्रॉक दुपारपर्यंत झाला असता. पण ते माप आता कुणाचंच नव्हतं. कात्री न लावता तिने कापडाची घडी केली, मशीनशेजारच्या फळीवर ठेवली, आणि गिऱ्हाइकाच्या पडद्याला सरळसोट शिवण घालायला घेतली.