गिरणीवाल्या वहिनी गप्प बसल्या

अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर ज्यांची पिठाची गिरणी आहे, त्या वहिनी गिरणीपेक्षा मोठ्याने बोलतात. भाऊ, म्हणजे त्यांचे यजमान, शेजारच्या स्टुलावर दळण तोलत बसतात. "काय भाऊ, बरं आहे ना?" असं मी त्यांना विचारावं आणि उत्तर वहिनींनी द्यावं, "बरे आहेत! भावोजी, तुमचं दळण जाड की बारीक, ते बोला!" माझ्या वीस वर्षांच्या दळणात त्या माणसाचं एक वाक्य पुरं झालेलं मी ऐकलं नव्हतं.

मग भाऊंच्या घशात कॅन्सर निघाला. उल्हासनगरच्या डॉक्टरांकडे मीच दोघांना गाडीतून नेलं. डॉक्टरही वहिनींकडेच वळून म्हणाले, "ऑपरेशन केलं तर जगण्याची आशा जास्त, पण बोलणं कायमचं जाईल. नुसतं रेडिएशन दिलं तर आवाज राहील, पण आजार परतू शकतो. काय करू या, ताई?"

मी कानांवर हात ठेवायच्या बेतात होतो.

"घसा त्यांचा आहे. त्यांना विचारा," वहिनी म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून चक्क गप्प बसल्या. भाऊ किती तरी वेळ नुसते खाकरत राहिले, पण बाईने एक शब्द पुरवला नाही.

"ऑपरेशन करा," भाऊ अखेर म्हणाले. "मला अजून बरीच वर्षं हिचं ऐकायचंय."

आता भाऊंना आवाज नाही. परवा मी मुद्दाम विचारलं, "काय भाऊ, बरं आहे ना?" वहिनींनी खटकन गिरणी बंद केली. सगळी रांग खोळंबली. भाऊंनी मान डोलावेपर्यंत त्या त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि मग मला म्हणाल्या,

"बरे आहेत म्हणतात. दळण जाड की बारीक?"