रविवारचं रॉकेल आणि खडू

लोखंडही थकतं, हे आमच्या कारखान्यात पहिल्यांदा मी सांगितलं, आणि त्याचा मला भलताच गर्व होता.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. खालापूरजवळच्या त्या कारखान्यात खाणींसाठी मोठाली खोदयंत्रं बनायची. यंत्राचा पुढचा लांब हात, म्हणजे बूम, दगड उचलून उचलून कधी तडकेल, याचं गणित मी मांडायचो. भोकं पाडलेल्या कार्डांची खोकी मुंबईला कॉम्प्युटरकडे जायची आणि आठवड्याने कागदांचा भारा परत यायचा. एका बूमबद्दल उत्तर आलं, दहा वर्षं काळजी नको. मी खाली ऐटीत सही ठोकली. यंत्र कशेळ्यापलीकडच्या दगडखाणीत गेलं.

पुढच्याच महिन्यात सहज शेडमध्ये उभा होतो. वेल्डरने नव्या बूमच्या पोटाला एक कडी वेल्ड केली, तिच्यात क्रेनचा हूक अडकवून बूम उलटवली, मग कडी कापून, घासून वर रंग मारला.

"हे काय?"

"उचलायची कशी मंग? आमी नेहमीच लावतो."

ड्रॉइंगमध्ये कडी नव्हती, म्हणून माझ्या कार्डांतही नव्हती. कडी कापली तरी वेल्डचा व्रण लोखंडात राहतो, आणि तडा नेमका अशाच जागी सुरू होतो. खाणीत गेलेल्या बूमलाही ती लावलेली असणारच.

साहेबांना सांगितलं. "सही कुणाची आहे?" त्यांनी एवढंच विचारलं. तोंड उघडलं तर माझी नोकरी जाणार, क्वार्टर जाणार, आणि काही वावगं न करता वेल्डरही घरी बसणार. मी पुरता अडकलो. भित्रा होतो, हे आज सरळ लिहितो.

मग दर रविवारी पिशवीत रॉकेलची बाटली आणि खडूची पूड घालून मी कर्जतहून कशेळ्याची एसटी धरू लागलो. रविवारीही खाण अर्धा दिवस चालायची. मशीन चालवणारा जवळच्याच वाडीवरचा होता. तो बूम जमिनीला टेकवून द्यायचा आणि केबिनमध्ये बसून राहायचा. मी रॉकेल लावायचो, पुसायचो, वर खडू भुरभुरायचो. तडा असला तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि खडूवर ओली रेघ उमटते. त्याला वाटायचं, मला मशीनचा लळा लागलाय.

"सायेब, तुमचं मशिनीशी लगीनच लावून टाकू," म्हणायचा. मी हसायचो, आणि परतीच्या एसटीत मला स्वतःची शिसारी यायची.

आठ महिने खडू कोरडा राहिला. नवव्यात बोटभर रेघ उमटली. बूम तुटली असती तर केबिनवरच आली असती. मी ओरडून त्याला खाली बोलावलं आणि सगळं सांगून टाकलं, कडी, सही, साहेब, माझे रविवार. त्याने वाकून त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"पयल्याच दिशी सांगायचं व्हतं ना," तो म्हणाला. "मी दुसऱ्या मशिनीवर गेलो असतो. मुकादमाला इचारलं की देतो तो."

इतके महिने मी कॉम्प्युटरचा, साहेबांचा, वेल्डरचा, माझ्या घराचा विचार केला होता. आत बसणाऱ्या माणसाला सांगावं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.